पाणी न लावलेली वडी

वडी चांगली झाली की नाही, हे ताज्या वडीवरून कळत नाही. ताजी काय, कोणाचीही बरी लागते. ती डब्यात भरावी, डबा टांग्यात आपटावा, आगगाडीच्या फळीवर वैशाखाच्या उन्हात भाजून निघावा, आणि दोन-तीन दिवसांनी कुणा दमल्याभागल्या माणसानं झाकण उघडावं. तेव्हा वड्या एकमेकींपासून सुट्या निघाल्या, दाताला चिकटल्या नाहीत, तुपाला खवट वास आला नाही, तर ती वडी. नाहीतर नुसतं गुळाचं ढेकूळ.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "माई, तुमच्या उद्योगाबद्दल लिहा, आजच्या मुलींना हुरूप येईल." हुरूप येण्यासारखं जे आहे ते लिहिते. पुढचं वाचून हुरूप गेला तर माझा इलाज नाही. या वयात मला गोड बोलणं जमत नाही, गोड करणं तेवढं जमायचं.

सोलापुरात तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं. एकोणीसशे तीसच्या आगेमागेची गोष्ट. आमचे 'हे' गिरणीच्या कचेरीत होते. कापसाच्या तुसानं छाती धरली आणि घरी बसले. बसून राहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, माझा तर नव्हताच. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही दोघींनी ओसरीवर प्रवासाच्या वड्या करून विकायला सुरुवात केली. आत चूल, बाहेर ओसरी, मधे माझी जीभ. जाऊबाई म्हणायच्या, "तू विक, मी हलवते. मी विकायला बसले तर फुकट वाटून टाकीन, आणि तू हलवायला बसलीस तर कढईशी भांडशील."

वडी अशी. ज्वारीच्या लाह्या जाडसर दळायच्या. शेंगदाणे खमंग भाजून, फोलं पाखडून, ओबडधोबड कुटायचे. थोडे तीळ, सुंठ, वेलदोडा. आणि गूळ तुपात विरघळवायचा, पाण्याचा थेंब न घालता. सगळी खुबी इथंच. पाणी घालून पाक कोणीही करतं. बशीतल्या पाण्यात थेंब टाकायचा, गोळी झाली की पाक झाला. आमच्या चुलीजवळ पाण्याची वाटीसुद्धा ठेवायची नाही असा नेम. मग पाक बघायचा कसा? जाऊबाई थेंब थंड पाट्यावर टाकायच्या आणि नखानं उचलायच्या. टक्क करून सुटला की कढई खाली. हात भाजला तरी पाण्यात बुडवायचा नाही, तुपात बुडवायचा. त्यांची बोटं बघितली असतीत तर वडी घशाखाली उतरली नसती तुमच्या.

एवढा आटापिटा कशासाठी, हे आताच्या मुलींना सांगायला हवं. पाण्यात शिजवलेलं अन्न जुनी माणसं परक्याच्या हातचं खात नसत, आणि गाडीत, दहा जणांच्या शिवाशिवीत बसून तर नाहीच नाही. पाण्याचा संबंध आला की खरकटं झालं. दुधात भिजवलेली दशमी चालायची, तुपातलं चालायचं, नुसतं भाजलेलं चालायचं. त्यामुळं काशीला जायचं तरी कित्येक म्हातारी माणसं वाटेत केळ्यांवर दिवस काढत. त्यांना आमची वडी म्हणजे देवच पावला.

गंमत बघा. लाह्या चांगल्या फुटाव्यात म्हणून ज्वारीला आदल्या दिवशी गरम पाणी मारून फडक्यात बांधून ठेवावं लागतं. हे पाणी सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला अडत नव्हतं. कच्च्या दाण्याला लागलेलं पाणी चालतं म्हणे. मंद्रूपची गंगूबाई आम्हाला ज्वारी आणून द्यायची. ती पोतं उतरवून म्हणायची, "ह्यो जुंधळा बगा माई, लई फुलतोय. न फुटल्याला गणंग निगला तर मला इचारा की!" मी तिला एकदा हा पाण्याचा हिशेब समजावून सांगितला. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तुमा लोकांचं पानीबी शिकल्यालं दिसतंय," म्हणाली, "कुटं बाटायचं त्ये त्याला बराबर कळतंय."

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक वकील कोटाच्या खिशात एकच वडी नेत आणि कोर्टात गालात धरून बसत. समोरच्या वकिलाला वाटायचं यांची दाढ सुजलीय. एक पेन्शनर दर आठवड्याला प्रवासाचा मोठा डबा भरून न्यायचे. कुठं निघालात म्हटलं की कधी विजापूर, कधी गाणगापूर. पुढं त्यांची सूनच सांगत आली की मामंजींनी पेठ ओलांडलेली नाही, माडीवर दार लावून खातात. आणि गिरणीतल्या इंजिनिअर साहेबाचा खानसामा करीमभाई. साहेब शिकारीला निघाला की हा आमच्या वड्या न्यायचा. ओसरीखाली उभा राहून हाक मारायचा, "माई, साब को वो दाँत तोडनेवाली मिठाई होना बोले!" मी म्हणायची, "दात साहेबाचे कच्चे, वडीचा दोष नाही."

या सगळ्यांत एक ठरलेली रीत होती. डबा हातात घेताना गिऱ्हाईक विचारायचं, "पाणी लागलं नाही ना?" आणि मी म्हणायची, "थेंब नाही." भेटल्यावर बरं आहे ना म्हणावं तसं ते झालं होतं. करीमभाईसुद्धा गमतीनं विचारायचा.

आता राधाकाकूंचं सांगते. ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

राधाकाकू आमच्या आळीतल्या. यजमान लवकर गेले, तेव्हापासून एकुलत्या मुलाला घेऊन मोठ्या दिराच्या घरी राहत. या दिरांना सगळा गाव तात्या म्हणे. तात्या कडक सोवळ्याचे. आडाचं पाणी स्वतः शेंदायचे, बाहेरच्या घोटाला कधी ओठ लावला नाही. पण माणूस दुष्ट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. राधाकाकूंच्या मुलाचं शिक्षण, लग्न, सगळं त्यांनी केलं. मुलगा निजामाच्या मुलखात नोकरीला लागला आणि त्याची बायको कुसुम बाळंतपणासाठी इथं राहिली.

कुसुम हसरी पोर. ओसरीवर येऊन जाऊबाईंच्या नकला करायची, आणि त्या आतून झारा उगारायच्या. पण दिवस राहिले आणि तिच्या पोटात काही ठरेना. वरण-भाताचा वास आला तरी उमासे. शेंगदाणा नको, तीळ नको, आमची लाह्यांची वडी तर एका घासात उलटली. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले. विलायती ओटाचा एक डबा दिला आणि हे दुधात शिजवून द्या म्हणाले. आणि काय नवल, ते तेवढं पोटात राहिलं. कुसुम म्हणायची, "माई, माझ्या पोटाला स्वदेशी पटतच नाही हो! आता विलायती माल ठेवला म्हणून सासूबाईंच्या दारात धरणं धरतील." राधाकाकू तिला गप्प करायच्या, पण हसायच्या.

तरी ती खंगत चालली. शेवटी डॉक्टर म्हणाले, मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या. वैशाखाचे दिवस. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, तिथं ताटकळायचं, पुढं छोटी गाडी गोगलगाईच्या चालीनं जायची. डॉक्टरांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली, वाटेत पोट रिकामं ठेवू नका. थोडं थोडं, पण घालत राहा. मुलाला रजा मिळेना म्हणून पोहोचवायला तात्या निघाले. गाडीत चूल कुठं पेटवायची? दूध त्या उन्हात टिकायचं नाही. राधाकाकू ओटाचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "माई, याची वडी होईल का हो? काही करा. पोरीला वाटेत काहीतरी खाता आलं पाहिजे."

ओट म्हणजे पोह्यांचा मळकट भाऊ. पहिल्या खेपेला वडी चामड्यासारखी झाली. दुसरी हातात धरली की भुगा. मग जाऊबाईंनी ओट तुपावर मंद परतले, जरा जरा लाल होईपर्यंत. गूळ कमी, त्यात थोडी खडीसाखरेची पूड आणि पाक नेहमीपेक्षा किंचित कोवळा. ती मात्र अशी बसली म्हणून सांगू! कुसुमला बोलावलं. तिनं भीत भीत तुकडा तोंडात टाकला आणि आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत राहिलो. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "माई, बसली हो पोटात. अजून एक द्या." राधाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. जाऊबाईंनी भाजलेली बोटं कपाळाजवळ कडाकडा मोडली, दृष्ट काढल्यासारखी.

याच दिवसांत करीमभाई साहेबाच्या वड्या न्यायला आला होता. ओटाचा डबा बघून म्हणाला, "माई, ये तो हमारा साब रोज सुबू खाता. ये कच्चा दाना नै हाँ. उधर विलायत में भाप देको, चपटा करको डिब्बे में भरते. इसलिए तो झट पकता." मी ऐकलं आणि सोडून दिलं. कोण कुठं वाफ देतं, मला काय त्याचं!

निघायच्या दिवशी टांगा आमच्या दारापुढं थांबला. कुसुम आत बसलेली, चेहरा पांढराफटक. राधाकाकू डबा घ्यायला ओसरीवर आल्या आणि त्यांच्या मागोमाग तात्या. डबा झाकताना तात्यांनी वडी बघितली. "ही वेगळी दिसते. कशाची?" म्हणाले. मी उत्तर द्यायच्या आत राधाकाकूंनी डब्याला हात घातला आणि मोठ्यानं विचारलं, "पाणी लागलं नाही ना हो, माई?"

नेहमीचा प्रश्न. नेहमीचे दोन शब्द. ते माझ्या ओठावर आले होते. पण वर्षानुवर्षं ते शब्द मी खरेपणानं बोलत आले होते, आणि आज त्यात खडा लागला. मी म्हणाले, "आमच्या घरात थेंब नाही लागला, काकू. तुपात परतलंय, तुपातला गूळ. फक्त हे विलायती ओट आहेत, ते म्हणे तिकडंच वाफ देऊन चेपतात. त्या वाफेचं काही मला सांगता यायचं नाही."

तात्यांनी डब्याकडं नेलेला हात मागं घेतला. "वाफ म्हणजे पाणीच की. शिजलेलंच अन्न झालं हे, तेही कोणाच्या हातचं देव जाणे."

"भावजी, औषध म्हणून..." राधाकाकू म्हणाल्या.

"घरी दुधात शिजवलंत, मी डोळेझाक केली. आता गाडीत, चारचौघांत? पोटुशी पोर आहे वहिनी, पहिलं मूल आहे. असलं-तसलं काही तिच्या पोटात जाऊन उद्या विपरीत झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" तात्यांनी टांग्यातल्या कुसुमकडं बघितलं. त्यांनाही पोरीची काळजीच होती हो, हेच तर अवघड आहे. मग माझ्याकडे वळून हात जोडले, "माई, तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. तुमच्या त्या लाह्यांच्या द्या."

राधाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. मला वाटलं, डबा राहिला म्हणून वाईट वाटतंय. मी लाह्यांच्या वड्या बांधून दिल्या. टांग्यातून कुसुम म्हणाली, "माई, माझ्या ठेवा हं त्या, आल्यावर खाईन."

बरोबर नेलेलं दूध मोहोळ यायच्या आतच नासलं. लाह्यांची वडी एकदा खाल्ली ती उलटली. केळंही उलटलं. कुर्डुवाडीच्या फलाटावर छोट्या गाडीची वाट बघताना तिला भोवळ आली, ती धड सावरलीच नाही. मिरजेला पोहोचली एवढंच. तिथं दोन्ही जीव गेले. दवाखान्यातले म्हणाले म्हणे की आधीच फार उशीर झाला होता. वडीमुळं गेली किंवा वडी न मिळाल्यामुळं गेली, असं कोणी कधी म्हणालं नाही. मीच म्हणते, मनात.

तिच्या वड्या मी फळीवर ठेवल्या होत्या. टाकवेनात, कोणाला देववेनात. कितीतरी दिवसांनी जाऊबाईंनी डबा उघडला, तर सगळ्या सुट्या, खुटखुटीत, तुपाला नावाला वास नाही. इतकी उत्तम वडी आमच्या हातून पुन्हा झाली नाही. त्यांनी त्या गाईपुढं घातल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि धंद्याचं म्हणाल तर तो त्यानंतरच भरभराटीला आला. तात्या गावभर सांगत सुटले, "बाई अशी खरी की स्वतःचा माल परत घेतला, पण खोटं बोलली नाही." देवळातल्या कीर्तनातसुद्धा माझा दाखला दिला म्हणे कोणी. काशीला जाणारे, रामेश्वरला जाणारे, शोधत शोधत आमच्या ओसरीवर यायचे. पाणी लागलं नाही ना म्हणून आता विचारायचेसुद्धा नाहीत. 'हे' अंथरुणावरून म्हणायचे, "सचोटीला फळ येतंच बघ." मी त्यांची उशी सारखी करून आत निघून जायची. ज्या गोष्टीसाठी लोक पाठ थोपटतात तिचीच लाज वाटावी, आणि ते बोलूनही दाखवता येऊ नये. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला याहून शिक्षा ती कोणती?

राधाकाकू त्यानंतर आमच्या दाराला कधी आल्या नाहीत. वाटेत दिसल्या तर मान खाली घालून जायच्या. मुलाचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. काही वर्षं गेली, आणि एका दुपारी त्या अचानक ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. हातात फडक्यात बांधलेलं पुडकं. ओट.

"हिलाही तेच सुरू झालंय," म्हणाल्या. "विजापूरला माहेरी पाठवायचीय, माहेरचे घरी ठेवून औषधपाणी करतील. भावजी बरोबर जायचं म्हणतात. डबा ओळखतील म्हणून फडक्यातून आणलं."

मी पुडकं घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, त्या दिवशी मी खरं तेच..."

"ठाऊक आहे हो मला." त्या उंबऱ्यावर बसल्या. "माई, मला काय माहीत करायचं होतं का पाणी लागलं की नाही? मला पोरीला खायला घालायचं होतं. भावजी मागं उभे होते. ते माझं ऐकत नव्हते, डॉक्टरचं ऐकत नव्हते. गावात एकाच बाईच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. म्हणून विचारलं मी. तुम्ही 'थेंब नाही' म्हणावं म्हणून विचारलं." त्यांचा आवाज चढला नाही, डोळे कोरडे होते. "तुमच्याकडे बघत होते मी. तुम्हाला कळलंच नाही."

आत जाऊबाईंच्या हातातला झारा थांबला होता. मी रडले, झालं. राधाकाकूंनीच उठून मला पाणी दिलं.

वड्या केल्या. जाऊबाईंची बोटं आता थरथरायची, पण पाक त्यांनीच बघितला. जायच्या दिवशी टांगा दारापुढं थांबला. आत नवी सून, गुंगीत असल्यासारखी डोळे मिटून. तात्या पार थकलेले, काठी टेकत ओसरीपर्यंत आले. राधाकाकूंनी डबा हातात घेतला आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "पाणी लागलं नाही ना, माई?"

"थेंब नाही," मी म्हणाले.

तात्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. टांग्याजवळ जाऊन सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळे उघड पोरी. खा, आत्ताच खा एक. माईंच्या हातचं आहे. त्यांचं कसं, त्या सांगतील ते खरं."

तिनं एक तुकडा तोंडात घातला. टांगा हलला, कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं दुसरा घेतलेला मी बघितला. पुढं तिचं सगळं नीट झालं, मुलगी झाली. बारशाचे पेढे घेऊन तात्या स्वतः आले होते. पण मी त्या कोपऱ्याकडे बघत ओसरीवर उभी होते ती एकाच गोष्टीत अडकून. तात्यांनी माझ्या शब्दावर एक प्रश्नही विचारला नव्हता.

कुसुमच्या वेळीही विचारला नसता.